टिलरीला आलेले अकरा कुटुंबीय

आर्लिस हॉगस्टाडकडे मीठदाणी-मिरीदाणीच्या दोन हजार तीनशे जोड्या होत्या आणि नवरा एकच. जोड्यांसाठी घरात अकरा काचेची कपाटं होती. नवऱ्यासाठी स्वयंपाकघरात, खिडकीजवळ, एक खुर्ची होती.

नवऱ्याची, म्हणजे व्हर्लिनची, त्याबद्दल तक्रार नव्हती. साउथ डकोटात धान्याच्या कोठारावर चौतीस वर्षं मुकादमी करून तो नुकताच घरी बसला होता. माणूस मितभाषी. तोंडातून शब्द निघालाच तर तो खरा असायचा, आणि खरं बोलण्यासारखं काही नसेल तर तो गप्प राहायचा. त्यामुळे दिवसचे दिवस गप्पच असायचा.

दरवर्षी जुलैत मीठ-मिरी संग्राहकांचं अधिवेशन भरायचं. कोठारात गव्हाची धांदल असल्याची सबब पुढे करून व्हर्लिननं सोळा अधिवेशनं चुकवली होती. चौऱ्याण्णव साली सबबच उरली नाही.

"मी घरीच थांबतो," तो म्हणाला.

"थांबून काय करशील? अंडं किती वेळ उकडायचं ते विचारायला हॉटेलात फोन करशील," आर्लिस म्हणाली. "आणि हॉलमध्ये माझ्या टेबलामागे बसायचं नाही, आधीच सांगते. गेल्या वर्षी त्या पेगीचा नवरा टेबलाखाली जाऊन झोपला. लोकांना वाटलं विकायला ठेवलाय."

"मग मी कुठं बसू?"

"घरच्यांसाठी वेगळा कार्यक्रम असतो. बसनं फिरवतात. जेवण देतात. चांगलं असतं म्हणे."

अधिवेशन नेब्रास्कातल्या टिलरी नावाच्या गावी होतं. चारी दिशांना मका, मधोमध पाण्याची टाकी, आणि टाकीखाली हॉटेल. हॉटेलच्या दारातच ग्लेंडा नावाची बाई बसली होती. तिनं आर्लिसला नावाचा सुबक बिल्ला दिला आणि व्हर्लिनच्या शर्टावर बशीएवढा गुलाबी बिल्ला टोचला. त्यावर खाली मीठदाणीचं इवलंसं चित्र आणि वर ठळक अक्षरांत एकच शब्द होता: कुटुंबीय.

"माझं नाव?" व्हर्लिननं विचारलं.

"तुमचं कशाला लागतंय?" ग्लेंडा गोड हसून म्हणाली आणि गुलाबी कागद त्याच्या हाती देऊन पुढच्या माणसाकडे वळली.

कागदावर गुरुवारचा कार्यक्रम छापला होता. साडेनऊला झाडूचा कारखाना. अकराला एल्म रस्त्यावरचं ल्युथरन चर्च, तिथं ऑर्गनवादनाचं प्रात्यक्षिक आणि मग जेवण. दीड वाजता पाण्याची टाकी, आणि त्यापुढं कंसात 'बाहेरून'.

गुरुवारी सकाळी हॉटेलसमोर पिवळी शाळेची बस उभी होती. समोरच्या काचेत पुठ्ठ्याची पाटी लावलेली: कुटुंबीय. आत अकरा माणसं चढली. बहुतेक नवरे, दोन बहिणी आणि एक सासू. सासूचं नाव बर्नाडीन. वय चौऱ्याऐंशी, कान पार गेलेले, पण भूक अठरा वर्षांच्या मुलाची. व्हर्लिनच्या शेजारी येऊन बसला तो मिसुरीचा गेलॉर्ड प्रुइट. त्याची बायको फक्त कोंबड्यांच्या आकाराच्या मीठदाण्या जमवायची.

"तुमचं पहिलंच वर्ष ना?" गेलॉर्डनं विचारलं. "चेहऱ्यावरून कळतं. मी नऊ वर्षं येतोय. टस्कलूसाच्या अधिवेशनात आम्हाला गटारशुद्धीचं केंद्र दाखवलं होतं. अजून स्वप्नात येतं हो. एक नियम लक्षात ठेवा. जिथं उतरवतील तिथं उतरायचं, आणि जे वाढतील ते खायचं. प्रश्न विचारायचे नाहीत."

झाडूचा कारखाना बंद होता. मालक मासे पकडायला गेल्याची चिठ्ठी दाराला होती. अकरा जणांनी आळीपाळीनं खिडकीच्या काचेला नाक लावून आतले झाडू बघितले. बर्नाडीनबाई म्हणाल्या, "छान होतं!" आणि सगळे परत बसमध्ये बसले.

आता टिलरीच्या एल्म रस्त्यावर ल्युथरन चर्च दोन होती. एक उत्तर टोकाला, एक दक्षिण टोकाला. फार पूर्वी तळघरात कॉफी द्यावी की नाही यावरून मंडळींत भांडण जुंपलं. कॉफीवाले दक्षिणेला राहिले, बिनकॉफीवाले उत्तरेला गेले. तेव्हापासून दोन्हीकडची मंडळी एकमेकांना ओळख दाखवत नसत. हे टिलरीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पण बसचा ड्रायव्हर ड्वेन शेजारच्या गावचा, बदलीवर आलेला. त्याला जे चर्च आधी दिसलं तिथं त्यानं बस उभी केली. ते दक्षिणेचं होतं.

पायऱ्यांवर काळ्या झग्यातले पास्टर निकरसन हात चोळत उभे होते. बसच्या काचेतली पाटी त्यांनी वाचली आणि बुडत्याला फळी सापडावी तसा त्यांचा चेहरा उजळला. ते धावतच बसच्या दाराशी आले.

"तुम्ही... तुम्ही कुटुंबीय?"

"म्हणजे काय!" गेलॉर्डनं छातीवरच्या बिल्ल्यावर बोट ठेवलं. "इथं लिहिलंय की."

"किती जण आहात?"

"अकरा. मोजून घ्या."

पास्टरांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "अकरा," ते म्हणाले. "अकराच म्हणायचा तो." त्यांनी बर्नाडीनबाईंचा हात धरून त्यांना स्वतः खाली उतरवलं. एवढं अगत्य व्हर्लिनला जरा जास्त वाटलं. पण प्रश्न विचारायचे नाहीत, हा नियम त्याला नुकताच कळला होता.

चर्च गच्च भरलेलं होतं. अकरा जण आत शिरले तशी दोनशे माणसं वळून बघायला लागली. पुढचे दोन बाक रिकामे ठेवले होते. तिथं त्यांना बसवलं आणि ऑर्गन सुरू झाला. वाजवणारी बाई चांगलीच तयारीची होती. सूर थांबले तशा बर्नाडीनबाईंनी कडकडून टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवायच्या की नाही हे बाकीच्यांना कळेना, म्हणून दोघातिघांनी त्यांना साथ दिली.

व्हर्लिननं दिली नाही. ऑर्गनच्या डाव्या बाजूला ठेवलेल्या वस्तूवर त्याची नजर खिळली होती.

"गेलॉर्ड," तो हळूच म्हणाला. "ती शवपेटी आहे."

गेलॉर्डनं मान उंचावून बघितलं. "असेल. जुनी चर्चं आहेत ही."

"तिच्यावर फुलं आहेत. आणि झाकण उघडं आहे. आत माणूस आहे."

नऊ वर्षांत त्याच्यावर अशी वेळ आली नव्हती. "प्रात्यक्षिकासाठी आणलं असेल," तो शेवटी म्हणाला, पण त्याच्या आवाजात जोर नव्हता.

व्हर्लिन उठला आणि बाजूनं पास्टरांपाशी गेला. "जरा बोलायचं होतं," तो म्हणाला. "थोडा घोटाळा झालाय."

पण पास्टर त्याचे दोन्ही हात हातात घेऊन कुजबुजू लागले. "मला ठाऊक आहे तुम्हाला काय वाटत असेल. उशीर झाला असं वाटत असेल. पण तुम्ही आलात, बस! ऑर्व्हिल ट्वेटनं छत्तीस वर्षं या गावातल्या शाळेचा बॉयलर सांभाळला. घरात एकटा. आणि छत्तीस वर्षं सांगत आला, की पश्चिमेला माझे अकरा पुतणे-पुतण्या आहेत, मी गेलो की बस करून येतील. लोक हसायचे हो त्याला. तोंडावरसुद्धा हसायचे. आज ही निम्मी माणसं कशाला आली आहेत, सांगू? पुढचे बाक रिकामे राहतात का ते बघायला! आणि तुम्ही आलात. बस करून! काय म्हणत होता तुम्ही?"

व्हर्लिननं मागं वळून बघितलं. दोनशे चेहरे. काही शरमलेले, काही अजून डोळे विस्फारून बाकांवरची डोकी मोजणारे. मग त्यानं पेटीत बघितलं. ऑर्व्हिल ट्वेट बारीक चणीचा होता. निळा सूट त्याला खांद्यात मोठा होत होता.

"काही नाही," व्हर्लिन म्हणाला.

जागेवर येऊन त्यानं दोन्ही बाकांना हळूच सगळं सांगितलं. दोघी बहिणी रडायलाच लागल्या आणि ते बघून मागच्या बाकांवर पाझर फुटला. बर्नाडीनबाईंना सांगायचा प्रयत्न झाला, पण त्यांना फक्त 'जेवण' एवढं ऐकू आलं आणि त्यांनी समाधानानं मान हलवली.

प्रार्थना झाली, वाचन झालं, आणि मग पास्टर म्हणाले, "आता ऑर्व्हिलच्या घरच्यांपैकी कुणीतरी दोन शब्द बोलेल." आणि त्यांनी सरळ व्हर्लिनकडे बघितलं, कारण त्या अकरांतला एकटा तोच त्यांच्याशी बोलला होता.

"तुम्ही जा," गेलॉर्ड कुजबुजला. "मी गेलो तर मला थापा माराव्या लागतील. आणि मी एकदा सुरू झालो की थांबत नाही."

व्हर्लिन पुढे जाऊन उभा राहिला. जन्मात कधी तो चार माणसांपुढे बोलला नव्हता. खोटं बोलायचं नाही, एवढंच त्यानं मनाशी ठरवलं.

"मी व्हर्लिन हॉगस्टाड," तो म्हणाला. "साउथ डकोटाहून आलोय."

थांबला. माणसं ऐकायला पुढे झुकली.

"मी ऑर्व्हिलला ओळखत नव्हतो. आज सकाळपर्यंत मी त्याचा कधी विचारही केला नव्हता."

मागे कुणीतरी हुंदका दिला.

"मला इथं यायचंच नव्हतं. घरीच बसणार होतो. बायकोनं पाठवलं."

चर्चमधल्या समस्त बायकांनी एकाच वेळी मान डोलावली.

"आम्ही आधी झाडूच्या कारखान्यात गेलो. तो बंद होता. म्हणून मग इथं आलो. इथं ऑर्गन ऐकायला मिळेल आणि जेवायला मिळेल, असं सांगितलं होतं." तो पुन्हा थांबला. आणखी काही खरं आठवतंय का ते बघू लागला. "एवढी माणसं असतील असं वाटलं नव्हतं. माझ्या वेळी एवढी जमतील की नाही, कोण जाणे. मी फारसा कुणाशी बोलत नाही. ऑर्व्हिल बोलायचा, असं आत्ता कळलं. बरं करायचा."

अजून काहीतरी बोलायला हवं, असं त्याला वाटलं.

"जागा छान आहे. बाक कडक आहेत," तो म्हणाला आणि येऊन बसला.

चर्चमध्ये रुमाल ओला झाला नाही असं माणूस उरलं नाही. मागच्या बाकावरचा एक धिप्पाड म्हातारा शेतकरी पुढे वाकला आणि त्यानं व्हर्लिनच्या खांद्यावर पंजा ठेवला. "साठ वर्षं इथं मयतीची भाषणं ऐकतोय," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "खरं बोललेला पहिला माणूस बघितला."

पुढचं सगळं ओघानंच आलं. पेटी घरच्यांनी उचलायची असते, म्हणून सहा जणांनी उचलली. गेलॉर्डच्या कमरेत उसण भरली होती, तरी त्यानं मागची कडी सोडली नाही. चर्चमागच्या दफनभूमीत उन्हानं गवत करपून गेलं होतं. प्रत्येकानं मूठ मूठ माती टाकली. ड्वेन ड्रायव्हरनंसुद्धा टाकली. टोपी काढून त्यानं विचारलं, "मी पण कुटुंबीयच का?" आणि उत्तराची वाट न बघता तो रडायला लागला. त्याचं ऑर्व्हिलशी काहीच नव्हतं. पण गेल्या वर्षी त्याचे वडील वारले, तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं नव्हतं.

मग तळघरात जेवण. हॅमचे पाव, चीज घातलेले बटाटे, गाजराचा कीस घातलेली हिरवी जेली, आणि कॉफी तर एवढी की उत्तरेच्या मंडळींवर सूड उगवत असावेत. बर्नाडीनबाईंनी तीनदा ताट भरून घेतलं. लोक रांगेनं येऊन अकरांचे हात दाबत होते. "तुमच्याबद्दल फार ऐकलंय," असं जो तो म्हणायचा आणि कुणाची तरी माफी मागावी तसा खाली बघायचा.

जेवणं आटोपली तशी आयडेला नावाची एक लठ्ठशी, पांढऱ्या केसांची बाई उठली. ती ऑर्व्हिलची शेजारीण. भिंतीपाशी टेबलावर खोक्यांची चळत होती. प्रत्येक खोकं नाताळच्या कागदात गुंडाळलेलं, आणि कागद कुठं कुठं पिवळा पडलेला.

"ऑर्व्हिलनं हे तुमच्यासाठी ठेवलंय," आयडेला म्हणाली. "ज्याचं त्याला द्यायचं, असं मला बजावून गेलाय. नाव घेईन त्यानं हात वर करा. मार्जोरी!"

अकरा जण एकमेकांकडे बघू लागले. दोनशे माणसं त्यांच्याकडे बघत होती. तेवढ्यात बर्नाडीनबाईंना वाटलं की आकडे पुकारायचा बिंगोचा खेळ सुरू झालाय. "इथं!" त्या ओरडल्या आणि खोकं त्यांना मिळालं. "व्हिन्सेंट!" "इथं!" बर्नाडीनबाई पुन्हा ओरडल्या. "लुएला!" "बिंगो!"

"बाकीच्यांनीही हात वर करा रे," गेलॉर्ड दातओठ खात पुटपुटला. "नाहीतर म्हातारी सगळी नेईल." आणि पुढचं नाव 'रोलंड' निघालं तसा त्यानं हात उंच केला. हळूहळू सगळीच खोकी गेली. शेवटचं नाव होतं 'धाकटा टॉम'. एकसष्ट वर्षांच्या व्हर्लिननं हात वर केला. खोक्यात लोकरीचे तांबडे हातमोजे होते. त्यांत त्याची तीन बोटं कशीबशी मावली असती.

ते त्याला सहन होईना. खोकं काखेत मारून तो स्वयंपाकघरात गेला. आयडेला एकटीच भांडी विसळत होती.

"बाई," तो म्हणाला, "आम्ही ऑर्व्हिलचे कुणी नाही."

"ठाऊक आहे," आयडेला म्हणाली. "तुमच्या बिल्ल्यावर खाली मीठदाणीचं चित्र आहे. मला चष्मा लागत नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही का नाही बोललात?"

आयडेलानं त्याच्या अंगावर फडकं फेकलं आणि तो ताटं पुसू लागला.

"रोलंड तेवढा खरा होता," ती सांगू लागली. "भावाचा मुलगा. बावन्न साली, नऊ वर्षांचा असताना, तीन आठवडे येऊन राहिला होता. दोघं दिवसभर तळ्यावर. मग दोन्ही भावांचं काहीतरी बिनसलं, आणि पोरगा परत दिसला नाही. लोक विचारायचे, 'काय ऑर्व्हिल, पुतण्या काय म्हणतो?' मग एकाचे दोन झाले, दोनाचे पाच. बाकीचे दहा गप्पांतच जन्मले. पण भेट मात्र प्रत्येकासाठी आणायचा. मी एकदा म्हटलं, 'अरे, हे दहा जण नाहीतच, तर मोजे कुणासाठी?' तर म्हणाला, 'थंडी आहे गं.'"

"रोलंडला कळवलंत?"

"पत्र टाकलं. कॅलिफोर्नियाला, जुन्या पत्त्यावर. यायचा नाही तो."

संध्याकाळी आर्लिस खोलीवर आली तेव्हा खुशीत होती. जोडीदार हरवलेल्या मीठदाण्यांसाठी हॉलमध्ये एक खास टेबल होतं. त्याला सगळे 'विधुरांचं टेबल' म्हणत. तिथं तिच्या बदकाला बदकीण मिळाली होती.

"तुझं कसं काय झालं?" तिनं विचारलं. "टाकी बघितली?"

"नाही. एक मयत होती," व्हर्लिन म्हणाला आणि त्यानं सगळं सांगितलं. आर्लिस पलंगाच्या कडेवर बसून ऐकत राहिली. पेटीपाशी तिनं तोंडावर हात ठेवला. बिंगोपाशी तिला हसू आवरेना. भाषणापाशी मात्र ती एकदम गंभीर झाली.

"तू? दोनशे माणसांपुढं?" ती म्हणाली. "आपल्या लग्नात सगळे म्हणत होते, बोल, बोल. तर 'केक कोरडा आहे' एवढंच बोललास!"

"होता कोरडा."

"माहीत आहे मला. माझ्या आईनं केला होता."

शुक्रवारी सकाळी व्हर्लिन खालच्या दालनात कॉफी पीत होता. तेवढ्यात पास्टर निकरसन आले. त्यांच्याबरोबर पन्नाशीचा, टक्कल पडलेला, चुरगळलेल्या कोटातला माणूस होता. पास्टरांनी त्याला अंतरावरच उभं केलं आणि ते व्हर्लिनच्या कानाशी लागले.

"हा गृहस्थ म्हणतो की तो ऑर्व्हिलचा पुतण्या आहे. रोलंड ट्वेट म्हणे! मी म्हटलं, बाबा रे, कुटुंबीय कालच येऊन गेले, चांगले अकरा होते, रोलंडसुद्धा होता. तर हा ऐकेना. एखाद्याच्या मयतीत असले भामटे येतात कधी कधी. तुम्ही ओळखता का याला?"

व्हर्लिननं त्या माणसाकडे बघितलं. तीच बारीक चण. कोट खांद्यात मोठा.

"हा अकरांतलाच," तो म्हणाला.

"पण अकरा तर काल पूर्ण होते!"

"काल जास्तीची माणसं आली होती."

"जास्तीची? कोण?"

"मी," व्हर्लिन म्हणाला.

पास्टर त्याच्याकडे बघतच राहिले. "तुम्ही? अहो, भाषण तर तुम्ही केलंत!"

"तुम्ही सांगितलंत म्हणून केलं."

पास्टरांनी पुष्कळ विचार केला. मग त्यांना उलगडा झाल्यासारखं वाटलं. "अच्छा, म्हणजे जावई का?"

"लग्न झालंय माझं," व्हर्लिन म्हणाला, आणि ते शंभर टक्के खरं होतं. पास्टरांचं समाधान झालं. जावयानं एवढं मनापासून बोलावं याचं कौतुक करत ते गेले.

रोलंड समोरच्या खुर्चीत बसला. दोन दिवसांची दाढी वाढलेली होती. "तुम्ही माझे कोण लागता?" त्यानं विचारलं. "मला भावंडं नाहीत. निदान परवापर्यंत नव्हती."

व्हर्लिननं त्याला अथपासून इतिपर्यंत सांगितलं. एवढं बोलण्याची ही त्याची दोन दिवसांतली तिसरी वेळ होती आणि घसा दुखायला लागला होता. रोलंडनं मध्येच थांबवलं नाही. शेवटी तो म्हणाला, "मी आलो होतो. कालच आलो होतो, अकराच्या ठोक्याला."

"मग होतास कुठं?"

"एल्म रस्त्यावरचं ल्युथरन चर्च. तशी दोन आहेत, हे आज कळलं. आत एक बाई ऑर्गनपाशी. 'कुटुंबीयांपैकी का?' म्हणाली. म्हटलं, हो. म्हणाली, 'एकटेच?' म्हटलं, एकटाच. तिचा चेहरा पडला. मग तिनं पाऊण तास माझ्या एकट्यासाठी ऑर्गन वाजवला. मधूनमधून थांबून कुठली पट्टी कुठल्या नळीला जोडलेली ते समजावून सांगत होती. मला वाटलं, इकडची पद्धत असेल."

"पेटी नव्हती तिथं."

"नव्हती. मला वाटलं, आधीच पुरलं असेल. विचारायची हिंमत नाही झाली. बेचाळीस वर्षांत एकदाही आलो नव्हतो मी, कुठल्या तोंडानं विचारणार? मग खाली नेलं. अकरा माणसांचं चिकन रांधलं होतं. 'सगळं तुमच्यासाठीच,' म्हणाले. सहा बाया कमरेवर हात ठेवून बघत उभ्या. कॉफी मागितली तर एकदम गप्प झाल्या. मी खाल्लं. जेवढं जाईल तेवढं खाल्लं, आणि रडलो. 'एवढं आवडलं?' म्हणून एकीनं आणखी वाढलं."

व्हर्लिन हसायला लागला. आधी नुसते खांदे हलले, मग कॉफी सांडली, मग डोळ्यांतून पाणी आलं. रोलंड क्षणभर दुखावल्यासारखा बघत राहिला आणि मग तोही हसायला लागला. दोघं हसता हसता असे वाकले, की ग्लेंडा पाण्याचा पेला घेऊन धावत आली.

गेलॉर्डच्या खोलीवर जाऊन त्यांनी रोलंडचं खोकं मागितलं. आत मासेमारीच्या गळाची दोरी गुंडाळायची चरकी होती, जुनी, पितळी. गेलॉर्डनं ती उगाचच फडक्यानं पुसली. "रात्रभर तेल घालून बसलो होतो हिला," तो कुरकुरला. "बघा, कशी फिरते. बरं, न्या. तुमचीच आहे." आणि त्यानं दार लावून घेतलं, कारण त्याला असले प्रसंग झेपत नसत.

त्या दिवशी बस फिरायला निघाली, ती व्हर्लिन आणि रोलंडला वाटेत आयडेलाच्या दारात सोडून.

आयडेलानं जाळीचं दार उघडलं. रोलंडला नखशिखांत न्याहाळलं. रोलंड काहीतरी बोलायला गेला, दरवर्षी मनात यायचं, पुढच्या वर्षी नक्की, वडील होते तोवर जमलं नाही, नंतर मग... पण तिनं हात वर करून त्याला गप्प केलं.

"कान तसेच आहेत," ती म्हणाली. "कंदिलासारखे. गवत कापता येतं का तुला?"

"काय?"

"गवत, गवत! ऑर्व्हिल तीन आठवडे अंथरुणाला खिळून होता. त्याच्या अंगणाचं जंगल झालंय. नगरपालिकेनं दाराला दोनदा नोटीस लावली. गडी माणूस मिळेना. बोलायचं ते नंतर बोल. यंत्र मागच्या छपरीत आहे."

रोलंडनं कोट काढून कठड्यावर टाकला. यंत्र सुरू व्हायला तयार नव्हतं. त्याची दोरी कशी ओढायची तेही रोलंडला माहीत नव्हतं. तो फ्रेस्नोत चष्म्याच्या दुकानात काम करायचा आणि राहायचा तिसऱ्या मजल्यावर. व्हर्लिननं दोन झटक्यांत यंत्र सुरू करून दिलं आणि तो ओट्यावर आयडेलाच्या शेजारी येऊन बसला. कालचे हॅमचे पाव उरले होते, ते तिनं पुढे केले.

रोलंड निघाला, पण सरळ जाईना. गवतात नागमोडी वाट पडत गेली. ऑर्व्हिलच्या खिडकीखाली गुलाबाची दोन झाडं होती, त्यांना वळसा घालायच्या नादात तो पार शेजारच्या मक्यापर्यंत गेला आणि तिथनं परत कसं यायचं या विचारात उभा राहिला.

"बापरे," आयडेला म्हणाली. "याच्यापेक्षा ते दहा बरे होते."

व्हर्लिननं पाव बाजूला ठेवला, हातांची ओंजळ तोंडाशी धरली आणि कोठारावर मालगाडी मागं घेताना ओरडायचा तसा ओरडला:

"डावीकडं घे, डावीकडं! अजून! आता सरळ ये!"

रोलंडनं यंत्र डावीकडं घेतलं.